किल्ली घरच्या कॉम्प्युटरवर नको

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आयकर विभागाचे छापे पडले आणि बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत ठेवी काढून घेण्यासाठी झुंबड उडाली. पैसे मिळेनासे झाले. पुढच्या वर्षी ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, ईडी आली, मालमत्तांवर टाच आली. ईडीच्या म्हणण्यानुसार अडकलेली रक्कम दोन हजार कोटींच्या वर आहे. १२ ते १४ टक्के व्याज मिळेल या भरवशावर लोकांनी तिथे पैसे ठेवले होते. तेच पैसे बँकेत असते तर निदान पाच लाखांपर्यंतची ठेव विम्याने परत मिळाली असती. पतसंस्थेला ते कवच नाही, हे बहुतेकांना शाखेचे शटर पडल्यावर कळले. अशा जिल्ह्यात ‘आपला पैसा आपल्याच ताब्यात असावा’ हे वाक्य कुणाला पटवून द्यावे लागत नाही. क्रिप्टोची सगळी जाहिरात याच वाक्यावर उभी आहे: मध्ये बँक नाही, संचालक मंडळ नाही, मॅनेजर नाही, तुमचे नाणे तुमच्या ताब्यात. वाक्य खोटे नाही. मात्र ताबा म्हणजे नेमके काय आणि तो घरातल्या कुठल्या वस्तूवर टेकलेला असतो, हे सांगायला जाहिरात थांबत नाही. ते समजून घेतले की एकच निष्कर्ष निघतो, आणि या लेखाचे म्हणणे तेवढेच आहे: ज्या कॉम्प्युटरवर सगळे घर काम करते, त्या कॉम्प्युटरवर क्रिप्टोची किल्ली कधीच येऊ देऊ नये. अँटीव्हायरस कुठला घ्यावा, पासवर्ड किती अक्षरी असावा, हे प्रश्न त्यानंतरचे.

बिटकॉइन कुणाच्या मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये ‘ठेवलेले’ नसते. २००९ च्या जानेवारीत सुरू झालेली ती एक खातेवही आहे. तिच्या प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर आहेत आणि कुठल्या पत्त्यावर किती नाणी आहेत एवढेच तिच्यात लिहिलेले असते. आपल्याकडे असते ती त्या पत्त्यावरची नाणी हलवण्याची किल्ली. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. माणसाला ती लिहून ठेवता यावी म्हणून २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून बारा किंवा चोवीस शब्द निवडून तिचे रूप तयार केले जाते. ते शब्द त्याच क्रमाने ज्याच्या हाती पडले, तो मालक. सही जुळते का हे कुणी बघत नाही, आधार मागत नाही, ओटीपी येत नाही. सातबारा दुसऱ्याच्या हाती लागला म्हणून शेत त्याचे होत नाही. तलाठी आहे, फेरफार आहे, कोर्ट आहे. इथे बारा शब्द हाच सातबारा, हाच फेरफार आणि हेच खरेदीखत. एकदा नाणी दुसऱ्या पत्त्यावर गेली आणि नोंद पक्की झाली की ती उलटवणारे कुणी नाही. ही व्यवस्था मुद्दामच तशी रचलेली आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. किल्ली कुठे ठेवली आहे, एवढेच आपल्या हातात उरते.

ती सहसा घरच्या कॉम्प्युटरवर असते. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या मध्यमवर्गीय घरातला कॉम्प्युटर एका माणसाचा नसतो. त्यावर मुलगी नीटचे व्हिडिओ बघते, मुलगा गेम उतरवतो, वडील पीकविम्याची पावती आणि सातबारा काढतात, पाहुण्यांचा कुणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह लावून जातो. सगळ्यांचे एकच लॉगिन, आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे कुणीही काहीही बसवू शकेल असे. पासवर्ड असलाच तर घराच्या नावाचा. यात कुणाचा हलगर्जीपणा शोधण्याची गरज नाही. घरातली वस्तू घर वापरते, हे तिचे कामच आहे. प्रश्न इतकाच की जिथे पाच जणांची ये-जा आहे तिथे सोन्याची डबी कुणी ठेवत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवर ‘वॉलेट’ नावाच्या नोटपॅड फाइलमध्ये बारा शब्द मात्र निवांत पडलेले असतात.

यात भर पडते ती ‘विंडोज टाकून घेण्याची’. कॉम्प्युटर मंद झाला की तो दुरुस्तीच्या दुकानात जातो, दुकानदार फॉरमॅट मारतो, पेनड्राइव्हवरून विंडोज आणि ऑफिस टाकतो, मग एक छोटा प्रोग्राम चालवून दोन्ही ‘ॲक्टिव्हेट’ करून देतो. दोन-चारशे रुपयांत काम झाले म्हणून गिऱ्हाईकही खूश. त्या छोट्या प्रोग्रामवर जरा थांबायला हवे, कारण माझ्या मते घरगुती कॉम्प्युटरच्या सुरक्षेची सगळ्यात मोठी फट तिथे आहे. ‘क्रॅक’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रोग्राम चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, ही सूचना प्रत्येक क्रॅकसोबत येते. त्यामागे तांत्रिक कारण आहे: परवाना तपासणाऱ्या भागात ढवळाढवळ करणारा प्रोग्राम अँटीव्हायरसला संशयास्पद दिसतो आणि तो त्याला अडवतो. म्हणजे वापरणाऱ्याला आधीच सवय लावलेली असते की या प्रोग्रामबद्दल धोक्याची सूचना आली तर ती दुर्लक्षायची असते. चोराला याहून सोयीची जागा कुठली? २०२१ च्या डिसेंबरमध्ये रेड कॅनरी या अमेरिकी सुरक्षा कंपनीने नेमके हेच दाखवून दिले होते. विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणाऱ्या केएमएसपिको या प्रसिद्ध प्रोग्रामच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींतून क्रिप्टबॉट नावाचे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पसरत होते. ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटच्या, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइली उचलून नेत होते, आणि वरकरणी विंडोज ॲक्टिव्हेटही होत होते, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. २०२३ च्या एप्रिलमध्ये गूगलने क्रिप्टबॉट पसरवणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत न्यायालयात धाव घेतली, तेव्हा आदल्या वर्षात सुमारे ६ लाख ७० हजार कॉम्प्युटर त्याने ग्रासल्याचा अंदाज दिला होता. दुकानदाराला हे ठाऊक असतेच असे नाही. त्याचा पेनड्राइव्ह त्याने दुसऱ्या कुणाकडून घेतलेला असतो. फसवणारा कुणी तिसराच, कुठल्या तरी देशात बसलेला. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघे मिळून त्याच्यासाठी दार उघडून ठेवतात.

आत आलेले मालवेअर काय करते, याची लोकांच्या मनातली कल्पना अजून जुनीच आहे. व्हायरस म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार, फाइली उडणार, स्क्रीनवर कवटी येणार. आजचा चोर कॉम्प्युटर बिघडू देत नाही. माहिती चोरणाऱ्या मालवेअरचे काम काही मिनिटांत आटोपते: ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकी, वॉलेटच्या फाइली, डेस्कटॉपवरच्या टेक्स्ट फाइली, यांचे गाठोडे बांधून बाहेर पाठवायचे, आणि कित्येकदा त्यानंतर स्वतःलाच पुसून टाकायचे. कुकी गेली म्हणजे तुमचे उघडे खाते चोराच्या कॉम्प्युटरवरही उघडे. मग ओटीपी विचारलाच जात नाही. दुसरा प्रकार याहून शांत आहे. क्रिप्टोचा पत्ता तीस-चाळीस अक्षरांचा असतो, तो कुणी हाताने लिहीत नाही, कॉपी करून पेस्ट करतो. क्लिपबोर्डवर पाळत ठेवणारे मालवेअर पेस्ट होण्याच्या क्षणी तो पत्ता बदलून चोराचा पत्ता टाकते. कॅस्परस्की कंपनीने २०१७ मध्ये अशा एका मालवेअरचा माग काढला तेव्हा त्याच्या चालकांकडे २३ बिटकॉइन जमा झालेले होते. आता तर सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जुळतील असा पत्ता तयार करून देणारी मालवेअरही आहेत, म्हणजे ‘पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे बघून घ्या’ हा नेहमीचा सल्लाही पुरा पडत नाही. तिसरी युक्ती गेल्या दोन वर्षांतली. एखाद्या पानावर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते आणि पुढे सांगते: विंडोजचे बटण आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. हे करणाऱ्याने आपल्याच हाताने चोराचा हुकूम आपल्या कॉम्प्युटरला दिलेला असतो. कुठलेही खरे संकेतस्थळ असे करायला कधीच सांगत नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे.

इथे पहिला आक्षेप येतो: चांगला अँटीव्हायरस घेतला की झाले. महाराष्ट्रात हा विश्वास रुजण्यामागे अभिमानाचीही गोष्ट आहे. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या छोट्या धंद्यातून क्विक हील उभी केली, आणि नव्वदच्या दशकापासून मराठी घरांत अँटीव्हायरस म्हटले की तेच नाव तोंडी येऊ लागले. अँटीव्हायरस निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर फुकट मिळतो आणि तो चालू ठेवलाच पाहिजे. पण त्याच्या भरवशावर किल्ली तिथे ठेवणे वेगळे. मालवेअर भाड्याने देण्याचा आता बाजार भरतो. विकणारा प्रत्येक गिऱ्हाइकाला फाइल नव्याने गुंडाळून देतो, ती ओळखली जाऊ नये म्हणून. अँटीव्हायरसला ती ओळखायला काही तास, कधी काही दिवस लागतात. ईमेल चोरीला गेला तर तेवढ्या वेळात पासवर्ड बदलता येतो. किल्ली चोरीला गेली तर तेवढा वेळ फार झाला. शिवाय ज्या घरात क्रॅक बसवण्यासाठी अँटीव्हायरस ‘पाच मिनिटांपुरता’ बंद केला जातो, तिथे त्याची किंमत कितीही असली तरी काय? जुन्या विंडोजचाही हिशेब याच ओळीत करावा. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण ती आपोआप मिळत नाही, मागून घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप मराठवाड्यात हमखास ऐकू येईल असा: आमच्याकडे आहे काय, आणि बीडमधल्या एका घरावर लक्ष ठेवायला कुणाला वेळ आहे? यात विनयही आहे आणि गैरसमजही. कुणी लक्ष ठेवतच नाही. मासे धरणारा एकेका माशाचा पाठलाग करत नाही, जाळे टाकतो. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून लुमा नावाच्या माहितीचोर मालवेअरची यंत्रणा मोडली. त्याआधीच्या दोन महिन्यांत, १६ मार्च ते १६ मे या काळात, ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर त्याच्या विळख्यात आढळले. इतक्या घरांत कुणी माणूस डोकावत नाही. गाठोडी आपोआप जमा होतात, प्रोग्राम त्यांत वॉलेट शोधतो, सापडले तर रिकामे करतो. रक्कम दहा हजारांची आहे की दहा लाखांची, हे त्याला नंतर कळते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढी जोखीम असेल तर किल्ली स्वतःकडे ठेवायचीच कशाला? जिथे नाण्यांची खरेदी-विक्री होते त्या एक्स्चेंजवरच ती राहू द्यावीत, त्यांच्याकडे तज्ज्ञ आहेत. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते, आणि ते एका बाजूचे नाही. मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे एक वॉलेट १८ जुलै २०२४ ला रिकामे झाले. सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये गेले. त्या वॉलेटला एकाहून अधिक सह्या लागत होत्या, तरीही गेले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी २०२५ च्या जानेवारीत संयुक्त निवेदनात ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. ग्राहकांची खाती गोठली, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि वर्ष उलटून गेले तरी लोक वाटच बघत राहिले. बरोबर एका वर्षाने, २०२५ च्या जुलैमध्ये, कॉइनडीसीएक्सवरून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. ग्राहकांची नाणी सुरक्षित आहेत आणि नुकसान आपण सोसू, असे त्या कंपनीने जाहीर केले. बंगळूरू पोलिसांनी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला अटक केली. तो ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरची अर्धवेळ कामे करत होता आणि त्याच वाटेने चोर आत शिरले, असा पोलिसांचा संशय. म्हणजे शेकडो कोटींच्या कंपनीतही प्रश्न तोच: किल्लीपर्यंत पोहोचणाऱ्या यंत्रावर दुसरे काम चालू होते.

आणि याच राज्यातले जुने उदाहरण जोडून बघावे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरले. ११ तारखेच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पण त्या बँकेच्या ठेवीदाराच्या खात्यातून एक रुपयाही कमी झाला नाही, कारण लुटली गेली ती बँक. फरक इथे आहे. बँकेतल्या चोरीसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढून नियम घालून दिला: बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा नाही. क्रिप्टोला असे परिपत्रक नाही. सरकार १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर घेते, त्याच वर्षी १ जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस कापते, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही. संरक्षणाच्या बाजूला मात्र पान कोरे. तेव्हा एक्स्चेंजबद्दल माझे मत असे: गेली तर दोन महिन्यांच्या पगाराला धक्का लागणार नाही एवढी रक्कम तिथे राहू द्यायला हरकत नाही, कारण तेवढ्यासाठी स्वतः किल्ली सांभाळण्यात चूक होण्याचाच धोका जास्त. त्याहून मोठी रक्कम तिथे ठेवणारा पुन्हा एकदा मल्टिस्टेटच्या खिडकीवर उभा आहे.

मग किल्ली ठेवायची कुठे? कागदावर, घरच्या दोन वेगळ्या जागी किंवा एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये. त्याचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायची नाही, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये लिहायची नाही, आणि झेरॉक्सही नाही. फोटोचा धोका काल्पनिक वाटेल, पण २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्कीने गूगल आणि ॲपल या दोघांच्या अधिकृत दुकानांत अशी ॲप्स सापडल्याचे जाहीर केले, जी मोबाइलमधल्या फोटोंतला मजकूर वाचून नेमके हे शब्द शोधत होती. व्यवहार करायचा तर हार्डवेअर वॉलेट नावाचे पेनड्राइव्हएवढे यंत्र मिळते. किल्ली त्याच्या बाहेर पडत नाही, सही आत होते, आणि पैसे कुठल्या पत्त्यावर जात आहेत हे त्याच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर दिसते, ज्याला कॉम्प्युटरमधले मालवेअर हात लावू शकत नाही. पत्ता त्या पडद्यावर पूर्ण वाचायचा, पहिली चार अक्षरे नव्हेत, आणि मोठ्या रकमेआधी शंभर-दोनशे रुपयांची चाचणी पाठवायची. हे यंत्र थेट बनवणाऱ्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे. कुणी आधीच बारा शब्द लिहिलेले कार्ड सोबत देत असेल, तर ती नाणी त्याचीच होणार हे नक्की. आणि यंत्र घेतल्यानंतर येणाऱ्या पत्रांवरही विश्वास नको: लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची नावे आणि पत्ते २०२० मध्ये फुटले, आणि नंतर कित्येकांच्या घरी ‘तुमचे शब्द इथे भरा’ अशी खोटी पत्रे गेली.

‘हे काही हजारांचे यंत्र आणि दहा हजारांच्या आसपासची अस्सल विंडोज, कोण घेणार?’ हा प्रश्न खोटा नाही. सोयाबीनच्या भावात दरवर्षी तोंडघशी पडणाऱ्या जिल्ह्यात तर नाहीच. पण क्रॅकला पर्याय फक्त महागडा परवाना आहे, ही समजूत चुकीची आहे. नवा लॅपटॉप घेताना त्यात विंडोज बहुतेकदा परवान्यासहच येते. दुकानात फॉरमॅट मारताना ती ओळखून तीच परत बसवायला सांगायची, एवढेच. परवाना नसेल तरी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेली विंडोज ॲक्टिव्हेट न करता चालते. कोपऱ्यात सूचना दिसत राहते, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, पण सुरक्षेची दुरुस्ती येत राहते. जुन्या यंत्रावर लिनक्स चालते, आणि सी-डॅकने तयार केलेली बॉस ही देशी आवृत्तीही फुकट आहे. मग घरात दोन लॉगिन करावीत, एक बसवण्याच्या कामासाठी आणि एक रोजचे, मर्यादित अधिकारांचे. याला पैसे लागत नाहीत, फक्त एक संध्याकाळ लागते.

किल्ली सांभाळण्याच्या कटकटीवर ‘जाणकाराकडे द्या’ हा उपाय मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. गेनबिटकॉइन प्रकरण आठवून बघा. दरमहा १० टक्के परतावा १८ महिने, अशा आश्वासनावर देशभरातून बिटकॉइन गोळा झाले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडले, आणि सीबीआयने २०२५ च्या फेब्रुवारीत झडत्या घेतल्या तेव्हा यादीत पुण्या-कोल्हापुरासोबत मराठवाड्यातले नांदेडही होते. पण त्याचा पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. त्या तपासाला तांत्रिक मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी २०२२ च्या मार्चमध्ये अटक केली. जप्त वॉलेटमधली नाणी वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी होता. आरोपाचे काय व्हायचे ते कोर्टात होईल. धडा मात्र आरोपाच्या निकालावर अवलंबून नाही: ज्याला किल्ली दिसते त्याच्याकडे ती असते, मग तो पोलिसांचा माणूस असो की पाहुण्यांतला इंजिनिअर. उलट बाजूही आहे, आणि ती कागदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लपवू नये. कागद हरवला, वाळवी लागली, घरातला एकटाच माहीतगार गेला, तर नाणी कायमची गेली. नॉमिनी म्हणून इथे कुणी अर्ज करू शकत नाही. म्हणून बायकोला किंवा सज्ञान मुलाला कागद कुठे आहे आणि त्याचे काय करायचे हे माहीत असायला हवे. बाहेरच्या माणसाला मात्र नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो बऱ्याच सुजाण वाचकांच्या मनात असेल: क्रिप्टो हा जुगार, त्यात गेलेल्याची कीव कशाला करायची? क्रिप्टो घ्यावे असा सल्ला मी देत नाही. घेऊ नये असे वाटणाऱ्यांची कारणे भक्कम आहेत. पण हे मालवेअर फक्त क्रिप्टोवाल्याच्या घरात शिरत नाही. वॉलेट सापडले नाही तर बँकेचा पासवर्ड, जीमेल, डिजिलॉकर, आधारचे स्कॅन, यावर त्याचे समाधान होते. गावोगावच्या महा ई-सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अशा एकेका कॉम्प्युटरवर शेकडो शेतकऱ्यांचे आधार आणि पासबुकचे फोटो साठलेले असतात. त्या यंत्रांवर क्रॅक केलेली विंडोज असेल तर सांडते ते दुसऱ्यांचे. एमएस-सीआयटीच्या वर्गात मराठी घरांतल्या लाखो पोरांनी वर्ड आणि एक्सेल शिकले; सॉफ्टवेअर कुठून घ्यावे आणि कुठून घेऊ नये, हा धडा तिथे तितक्याच आग्रहाने शिकवला जायला हवा. सेवा केंद्र मंजूर करताना बायोमेट्रिक यंत्र आहे का हे तपासणाऱ्या प्रशासनाने विंडोज अस्सल आहे का, हेही तपासावे. जिल्हाधिकारी कार्यालयाला यासाठी नवा कायदा लागत नाही.

कॉम्प्युटर ग्रासला गेल्याची शंका आली तर क्रम महत्त्वाचा, आणि घाबरलेला माणूस तो नेमका उलटा करतो. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलायचे नाहीत. नवा पासवर्डही जुन्याच्या मागे जाईल. आधी इंटरनेट तोडायचे. मग दुसऱ्या, विश्वासाच्या मोबाइलवरून किंवा हार्डवेअर वॉलेटवर नवी किल्ली तयार करून नाणी तिकडे हलवायची, कारण जुने शब्द आता दोघांचे आहेत. त्यानंतर ईमेलचा पासवर्ड, सगळ्या ठिकाणचे लॉगिन बंद करणे, मग बँक. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन, आणि बीडच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार; नाणी कुठल्या पत्त्यावर गेली हे लिहून द्यायचे, कारण ती भारतीय एक्स्चेंजवर आली तर गोठवता येण्याची शक्यता असते. कॉम्प्युटर पुसून नव्याने विंडोज बसवणे हे शेवटचे काम. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणीची साधने फुकट आहेत, पण किल्ली असलेल्या यंत्राला तपासणीने क्लीन चिट मिळाली म्हणून जुनी किल्ली पुन्हा वापरू नये. आणि तो कॉम्प्युटर दुरुस्तीला न्याल तेव्हा दुकानदाराला काम सांगण्याआधी एक विचारा: हा पेनड्राइव्ह तुम्ही कुठून भरून आणला? उत्तर देता आले नाही, तर कॉम्प्युटर घेऊन परत या.